रसायनतज्ज्ञांची संस्था आणि तिचा व्यवसाय

६ एप्रिल १८७६ : न्यूयॉर्कमध्ये जमलेल्या रसायनतज्ज्ञांनी ‘अमेरिकन केमिकल सोसायटी’ स्थापन केली. जॉन विल्यम ड्रेपर पहिले अध्यक्ष झाले. नाव साऱ्या अमेरिकेचे, पण कारभार न्यूयॉर्ककरांच्या हाती. त्यामुळे बाहेरगावचे सभासद रुसले. अखेर १८९१ पासून प्रादेशिक शाखा निघू लागल्या. महिला अध्यक्ष लाभायला मात्र १९७८ साल उजाडले. त्या अ‍ॅना हॅरिसन.

या संस्थेची छाप आपल्याकडच्या कॉलेजातही सापडते. प्रयोगशाळेतली अ‍ॅसिटोनची बाटली फिरवून पाहा. लेबलवर बारीक अक्षरांत ६७-६४-१ असा आकडा असतो. प्रत्येक रसायनाला असा क्रमांक देणारी नोंदवही संस्थेच्याच ‘केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’ विभागाची, १९६५ पासूनची. संस्थेची बहुतांश कमाई या माहितीसेवेतून आणि नियतकालिकांतून होते. सभासदांची वर्गणी त्यापुढे किरकोळ. १९३७ च्या सनदेनुसार संस्था ना-नफा तत्त्वावरची, व्यवहार मात्र एखाद्या बड्या प्रकाशन कंपनीला शोभणारा. पदाधिकारी निवडतात सभासद, पैसा येतो ग्राहकांकडून. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना नियतकालिकांची व माहितीसेवेची वर्गणी जड जाते आणि त्यांना या कारभारात मत नाही.