पत्राचा मायना आणि संक्षिप्त लेखनाची साधने

भ्रमणध्वनीवरील तोकड्या संदेशांमुळे खाजगी लेखनाची सवय बिघडली, असे सर्रास म्हटले जाते. मराठी पत्रलेखनाचा इतिहास पाहता हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. संक्षेप मराठीला नवा नाही. मोडी कागदपत्रांत नेहमीच्या शब्दाचे आद्याक्षर लिहून पुढे दोन दंड देण्याची पद्धत रूढ होतीच.

1879 साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि 1880 साली टपालखात्याने मनीऑर्डरचे काम हाती घेतले. पेण-रोह्याकडून मुंबईस चाकरीला गेलेल्या माणसाला घरी लिहावयाची जागा म्हणजे कार्डाची एक बाजू, किंवा मनीऑर्डरच्या कुपनावरील दोन-चार ओळी. या टंचाईत मायना आखडला. लोपला मात्र नाही. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’चे ‘सा. न. वि. वि.’ झाले, ‘कळावे, लोभ असावा’चे ‘क. लो. अ.’ झाले. ‘ती.’, ‘चि.’, ‘सौ.’ या अक्षरांनी लिहिणाऱ्याचे व वाचणाऱ्याचे नाते पूर्ववत सांगितले.

भारतात 1995 साली भ्रमणध्वनी आला, तेव्हा अडचण निराळी निघाली. एका लघुसंदेशात रोमन अक्षरे 160 मावत, देवनागरी चिन्हे केवळ 70. शिवाय काना, मात्रा, हलन्त यांची गणना स्वतंत्र होई. ‘कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार’ एवढ्यानेच, मधल्या मोकळ्या जागा धरून, 70 पैकी 27 घरे भरतात. मराठी मजकूर रोमन लिपीत लिहिला जाऊ लागला, त्याच्या कारणांत हेही एक गणले पाहिजे.

पुढे ही मर्यादा उठली. 2009 साली निघालेल्या व्हॉट्सॲपवर दीर्घ पत्र लिहिण्यास कोणतीच आडकाठी नाही. तथापि तुटक लिहिण्याची सवय राहिली. याहून महत्त्वाचा बदल असा की, दिनांक व वेळ यंत्रच नोंदवू लागले आणि पत्राचा माथा लिहिणाऱ्याच्या हातून सुटला. ‘मु. कासू, ता. पेण, जि. कुलाबा’ असा माथा असलेल्या पत्रावरील तारीख पुसली गेली, तरी ते बहुधा 1981 पूर्वीचे, असा तर्क करता येतो. कारण त्या वर्षी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. संदेशातील मजकुरास असा आधार उरत नाही.

पेण तालुक्यातील वरसई गावाशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली, ती घरोघरच्या दप्तरांतील पत्रांच्या बळावर. त्या पत्रांना स्थळ, काळ व नाते सांगणारा मायना होता. म्हणून आजच्या संदेशांचा संग्रह करणाऱ्याने मजकुराबरोबर कोणी, कोणास, कोठून व केव्हा लिहिले, हेही त्याच वेळी नोंदविले पाहिजे. संक्षेपाने मजकूर उणा होतो, ती हानी अल्प होय. संदर्भ सुटल्यास उरलेला मजकूरही मुका होतो.