न्यायालय आणि मतपेटी : रायबरेलीचा निवाडा

निवडणूक म्हटली की जय आला, तसा पराजयही आला. जेत्याला सत्ता मिळते. पराभूताच्या मनात मात्र कधी कधी शंका उरते. त्या शंकेला रीतसर वाट मिळाली नाही तर ती रस्त्यावर उतरते आणि दगड-काठ्यांची भाषा सुरू होते. आपल्या राज्यघटनेने अशी वाट आधीच आखून ठेवली आहे. अनुच्छेद ३२९ नुसार संसदेच्या वा विधिमंडळाच्या निवडणुकीला आव्हान द्यायचे, तर ते निवडणूक याचिकेद्वारेच देता येते. ही याचिका निकालापासून ४५ दिवसांच्या आत दाखल करावी लागते. आरंभी अशा याचिका न्यायाधिकरणांपुढे चालत. १९६६ च्या दुरुस्तीनंतर त्या उच्च न्यायालयांकडे सोपवण्यात आल्या.

या व्यवस्थेची सर्वांत कठोर परीक्षा रायबरेलीने पाहिली. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तेथे समाजवादी नेते राजनारायण यांचा १,११,८१० मतांनी पराभव केला. एवढ्या मोठ्या पराभवानंतर तक्रार करणे अनेकांना हास्यास्पद वाटले असेल. राजनारायण यांनी मात्र अलाहाबाद उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. मार्च १९७५ मध्ये पंतप्रधान स्वतः साक्ष देण्यासाठी न्यायालयात उपस्थित राहिल्या. १२ जून १९७५ रोजी न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी, प्रचारात शासकीय सेवकांचे साहाय्य घेतल्याच्या कारणावरून ती निवडणूक रद्द ठरवली आणि सहा वर्षांची अपात्रताही घोषित केली.

येथवर वाट सरळ होती. पुढे ती वाकवली गेली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. दुसऱ्याच रात्री आणीबाणी जाहीर झाली. विरोधी नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली. निवडणूक कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलण्यात आला आणि ३९ व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेला.

७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी निर्णय दिला. बदललेल्या कायद्याच्या आधारे निवडणूक वैध ठरली. पण हा वाद न्यायालयाबाहेर ठेवणारे घटनादुरुस्तीतील कलम मात्र रद्द झाले. पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड त्या पाच जणांच्या पीठावर होते. आणीबाणीच्या ऐन भरात न्यायालयाने सांगितले, की निवडणुकीचा निवाडा करण्याचे दार कोणासाठीही बंद करता येणार नाही.

अंतिम निवाडा मतदारांनी केला. मार्च १९७७ मध्ये त्याच रायबरेलीत तेच दोन उमेदवार समोरासमोर आले आणि राजनारायण ५५,२०२ मतांनी विजयी झाले. इंदिरा गांधींनी पराभव मान्य करून राजीनामा दिला. २४ मार्चला मोरारजी देसाई यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. आणीबाणीत अनेकांनी तुरुंगवास सोसला होता, तरीही सूडाची आग न पेटता सत्तांतर पार पडले. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो वादग्रस्त अनुच्छेद पूर्णपणे वगळला.

या इतिहासात दोन पराभव आहेत. १९७१ चा पराभूत उमेदवार न्यायालयात गेला आणि सहा वर्षे धीर धरून राहिला. १९७७ च्या पराभूत पंतप्रधानांनी खुर्ची सोडली. वाट आखण्याचे काम राज्यघटना करते. त्या वाटेने चालणे माणसांच्याच हाती असते.

मतदानाच्या दिवशी देशभर शाळांचे वर्ग मतदान केंद्रे होतात, शिक्षक मतदान अधिकारी होतात. परंतु या चालण्याचा सराव त्याच वर्गांत त्याआधीच सुरू व्हायला हवा. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत हरलेला मुलगा चिठ्ठ्या पुन्हा मोजण्याची मागणी करतो, तेव्हा ती कुरकुर म्हणून उडवून लावू नये. सर्वांसमक्ष चिठ्ठ्या पुन्हा मोजाव्यात. आणि निकाल तोच आला, तर त्याने पुढे होऊन विजेत्याशी हात मिळवावा.