नेटवर्क मार्केटिंगमधील व्यक्तिगुण

नेटवर्क मार्केटिंग (बहुस्तरीय विपणन) ही थेट विक्रीची एक पद्धत आहे. तीत विक्रेत्यास स्वतःच्या तसेच त्याने जोडलेल्या विक्रेत्यांच्या विक्रीवर मोबदला मिळतो. भारतात १९९० च्या दशकात मोदीकेअर, अ‍ॅमवे आदी कंपन्यांमुळे ती रूढ झाली.

ठरावीक पगार नसल्याने या व्यवसायात चिकाटी, नकार पचवण्याची वृत्ती, उत्पादनाचे ज्ञान आणि चोख हिशेब हे गुण उपयोगी पडतात. पहिले ग्राहक बहुधा नातेवाईक व शेजारी असल्याने सचोटी सर्वांत महत्त्वाची ठरते. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ यांनी तिला कायदेशीर कर्तव्याचे रूप दिले. त्यांनुसार विक्रेत्याने ओळखपत्र बाळगणे, पूर्वसंमतीनेच ग्राहकाकडे जाणे व वस्तूची खरी माहिती देणे बंधनकारक आहे.

मात्र अपयशाचे कारण नेहमीच गुणांचा अभाव नसते. केवळ सदस्य जोडण्यावर चालणाऱ्या पिरॅमिड योजनेत गुणी माणसाचेही नुकसान होते. प्रत्येकाने पाच जण जोडायचे ठरवल्यास दहाव्या पायरीवर ९७,६५,६२५ नवे सदस्य लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे शहराची लोकसंख्या ३१,२४,४५८ होती. अशा योजनांना वरील नियमांनी मनाई केली आहे.