ब्लू-रे प्लेअर : घेताना आणि वापरताना

व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी आणि त्यानंतर ब्लू-रे अशा पायऱ्या चढत चित्रपट आपल्या दिवाणखान्यात आला. आज बहुतेक घरांत तो इंटरनेटवरून येतो. तरीही आवडता चित्रपट उत्तम प्रतीच्या चित्र-ध्वनीसह पाहावा आणि एखाद्या कंपनीने आपल्या यादीतून तो काढून टाकला तरी तो आपल्या कपाटात असावा, असे वाटणाऱ्या रसिकांना डिस्कला आजही पर्याय नाही.

अडचण आहे ती प्लेअरची. हे यंत्र बनविणाऱ्या कंपन्या कमी होत आहेत. ओप्पोच्या अमेरिकी शाखेने २०१८ मध्ये नवी उत्पादने थांबविली, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारासाठी नवे प्लेअर न काढण्याचे ठरविले आणि २०२४ च्या अखेरीस एलजीनेही या व्यवसायातून अंग काढून घेतले. सोनी आणि पॅनासॉनिक ही नावे टिकून असली, तरी चुकीचा प्लेअर घेतल्यास तो बदलून दुसरा मिळविणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. म्हणूनच 'कोणता प्लेअर चांगला?' या प्रश्नाआधी 'माझ्याकडे डिस्क कोणत्या आहेत आणि पुढे कोणत्या घेणार आहे?' हा प्रश्न विचारावयास हवा.

डिस्कचे दोन प्रकार

डीव्हीडी वाचण्यासाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर किरण वापरतात, तर ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा किरण वापरला जातो. हा किरण अधिक बारीक बिंदूवर एकवटता येतो. परिणामी त्याच १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर एका थरात ४.७ गिगाबाइटऐवजी २५ आणि दोन थरांत ५० गिगाबाइट माहिती मावते. चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे दिसते.

२०१६ मध्ये आलेला 'अल्ट्रा एचडी ब्लू-रे' हा पुढचा प्रकार. त्यात चित्र ३८४० गुणिले २१६० बिंदूंचे असून डिस्कची क्षमता १०० गिगाबाइटपर्यंत जाते. गडद सावली आणि लख्ख प्रकाश यांतील अंतर अधिक खुलून दाखविणारे एचडीआर तंत्रही त्यात येते.

येथेच अनेक ग्राहक फसतात. खोक्यावर 'फोर-के अपस्केलिंग' असे लिहिलेला प्लेअर अल्ट्रा एचडी डिस्क चालवितोच असे नाही. साधे चित्र ताणून मोठ्या पडद्याजोगे करण्याची सोय, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. अल्ट्रा एचडी डिस्क साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये मुळीच चालत नाही. तेव्हा खोक्यावर 'अल्ट्रा एचडी ब्लू-रे' हे बोधचिन्ह आहे ना, हे पाहूनच पैसे मोजावेत. उलट, अल्ट्रा एचडी प्लेअर साध्या ब्लू-रे आणि डीव्हीडीही चालवितो.

घरात खेळांसाठी डिस्कच्या कप्प्याचा प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरीज एक्स असेल, तर वेगळा प्लेअर न घेताही भागते. प्लेस्टेशन ४ मात्र, त्याची 'प्रो' आवृत्ती धरूनही, अल्ट्रा एचडी डिस्क चालवीत नाही. तसेच प्लेस्टेशन ४ आणि ५ वर गाण्यांच्या ऑडिओ सीडी लागत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

रीजन कोडचा अडसर

साध्या ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी आणि सी असे तीन विभाग केलेले आहेत. अमेरिका व जपान 'ए' मध्ये, युरोप व ऑस्ट्रेलिया 'बी' मध्ये, तर भारत, चीन व रशिया 'सी' मध्ये येतात. भारतात विकला जाणारा प्लेअर 'सी' विभागाचा असतो. डिस्क केवळ परक्या विभागासाठी बांधलेली असेल, तर तो ती नाकारतो.

याचे बोलके उदाहरण आपल्याच देशाचे आहे. सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्हना १९९३ मध्ये लंडनमधील प्रयोगशाळेला लागलेल्या आगीची झळ बसली होती. पुढे मोठ्या परिश्रमाने या चित्रपटांचे पुनरुज्जीवन झाले आणि २०१५ मध्ये अमेरिकेतील क्रायटेरियनने त्यांचा ब्लू-रे संच काढला. मात्र तो 'ए' विभागाचा असल्याने भारतात घेतलेल्या सामान्य प्लेअरवर लागत नाही. परदेशी डिस्क मागविण्यापूर्वी वेष्टनाच्या मागील बाजूचे विभागचिन्ह पाहावे, ते यासाठीच. अल्ट्रा एचडी डिस्कना असे बंधन नाही. परंतु त्याच वेष्टनात जोड म्हणून दिलेल्या साध्या ब्लू-रेला ते असू शकते.

अमेरिकेहून प्लेअर मागविताना

परदेशी राहणाऱ्या मुलाकडून किंवा भावाकडून प्लेअर मागविण्याचा मोह अनेकांना होतो. त्याआधी तीन गोष्टींची खात्री करावी. पहिली, वीजपुरवठा. अमेरिकेत तो १२० व्होल्टचा, तर आपल्याकडे २३० व्होल्टचा आहे. यंत्राच्या मागील बाजूस '१०० ते २४० व्होल्ट' असा उल्लेख नसल्यास ते थेट जोडू नये. दुसरी, विभाग. तो प्लेअर 'ए' विभागाचा असल्याने आपल्याकडील 'सी' विभागाच्या डिस्क त्यावर अडतात.

तिसरी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. भारतातील डीव्हीडी पाल पद्धतीच्या असतात, तर अमेरिकेत एनटीएससी पद्धत रूढ आहे. तेथील अनेक प्लेअर पाल डीव्हीडी वाचीत नाहीत. म्हणजे मुलीच्या लग्नाची किंवा नातवाच्या बारशाची आपल्या छायाचित्रकाराने करून दिलेली डीव्हीडी या महागड्या यंत्रावर लागेलच याची शाश्वती नाही. माहितीपुस्तिकेत पालचा स्पष्ट उल्लेख असेल, तरच पुढे जावे.

जोडणी

चित्राची प्रत साखळीतील सर्वांत कच्च्या कडीवर ठरते. टीव्ही साधा एचडी असेल, तर अल्ट्रा एचडी प्लेअर घेऊनही चित्र तेवढेच दिसेल. टीव्ही फोर-के असेल, तर नकलेला आळा घालणारी एचडीसीपी २.२ ही व्यवस्था प्लेअर, टीव्ही आणि मध्ये असल्यास अ‍ॅम्प्लिफायर या तिन्हींत हवी. जुना अ‍ॅम्प्लिफायर बदलावयाचा नसेल, तर दोन एचडीएमआय जोडण्या असलेला प्लेअर निवडावा. एकीने चित्र टीव्हीकडे व दुसरीने आवाज अ‍ॅम्प्लिफायरकडे नेता येतो.

डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ध्वनिप्रकार टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर खुलत नाहीत. ते ऐकावयाचे तर प्लेअर थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडून ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'बिटस्ट्रीम' निवडावे. चित्रासाठी २४ फ्रेमची सोय चालू ठेवावी. चित्रपट बहुधा त्याच गतीने चित्रित झालेला असतो.

निगा

ब्लू-रेवरील माहितीचा थर पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिलिमीटर आत असतो. डीव्हीडीत हे अंतर ०.६ मिलिमीटर आहे. संरक्षक लेप टणक असला, तरी खोल ओरखडा येथे अधिक घातक ठरतो. डिस्क कडेने धरावी, मऊ कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये. तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये. डिस्क वेष्टनात उभ्या ठेवाव्यात. मुंबई-कोकणच्या दमट पावसाळ्यात त्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाऐवजी कोरड्या जागी असाव्यात.

प्लेअरभोवती हवा खेळती ठेवावी. तापणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर तो रचू नये. नवी डिस्क अडखळली, तर ती खराब आहे असे लगेच मानू नये. डिस्कचे कुलूप उघडणाऱ्या किल्ल्या वेळोवेळी बदलतात. त्यासाठी प्लेअरमधील फर्मवेअर इंटरनेट किंवा पेनड्राइव्हवरून अद्ययावत करावे लागते. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे फर्मवेअर उपलब्ध आहे तोवर ते उतरवून जपून ठेवणे शहाणपणाचे.

शेवटी एक सूचना. चित्रपटाची डिस्क हरवली, तर ती कदाचित पुन्हा मिळेल. घरच्या मंगलकार्याची डीव्हीडी मात्र जगात एकच असते आणि घरी-दुकानी नोंदविलेल्या डिस्क काळानुसार वाचेनाशा होतात. नवा प्लेअर घरी आला, की सर्वप्रथम त्याच लावून पाहाव्यात आणि चालत आहेत तोवर संगणकाच्या साह्याने त्यांची प्रत हार्ड डिस्कवर काढून ठेवावी.