चार संख्यावाचकांची साक्ष

इ. स. १९१० मध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्यास जोडला. त्याच वर्षी कोरियन ही जपानीचीच शाखा होय, असे प्रतिपादणारा कानाझावा शोझाबुरो यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भाषेच्या वंशावळीला राज्यविस्ताराच्या चाकरीस जुंपले गेले ते असे.

पुरावा मात्र निराळेच सांगतो. किम पुसिक यांच्या संपादनाखाली ११४५ मध्ये सिद्ध झालेल्या ‘साम्गुक सागी’ या इतिवृत्तात कोगुर्यो राज्यातील स्थलनामांची यादी आहे. तीत एकच नाव चिनी लिपीत कधी उच्चारानुसार, तर कधी अर्थानुसार नोंदलेले आढळते. दोहोंच्या तुलनेतून ‘मिल्’ म्हणजे तीन, ‘उच्’ पाच, ‘नानुन्’ सात व ‘तोक्’ दहा, असे शब्द हाती येतात. जुन्या जपानीत हेच अंक ‘मि’, ‘इतु’, ‘नाना’, ‘तोवो’ असे आहेत. कोरियन ‘सेत्’, ‘तासोत्’, ‘इल्गोप्’, ‘योल्’ यांच्याशी त्यांचा मेळ बसत नाही. शिन्मुरा इझुरू यांनी हे साम्य १९१६ मध्येच दाखविले होते.

यावरून कोगुर्योची भाषाच जपानीची भगिनी ठरविण्याचा मोह काही विद्वानांना झाला. परंतु यांतील बरीच स्थळे द्वीपकल्पाच्या मध्यभागी आहेत, आणि तेथील पेक्चेची राजधानी कोगुर्योच्या हाती पडली ती ४७५ मध्ये. संख्यावाचके उसनी घेतली जातात हे खरे. पण जेता बदलला म्हणून गावाचे नाव बदलतेच असे नाही. तेव्हा ही नावे तेथील पूर्वीच्या रहिवाशांची असून, जपानीच्या पूर्वरूपाची भाषा बेटांवर जाण्यापूर्वी द्वीपकल्पात नांदत होती, हे मत आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते. कानाझावांच्या ‘शाखे’ला या यादीत कोठेही आधार सापडत नाही.