चरबीच्या गाठीची साक्ष

चरबीच्या गाठीत सुई घालायची, ओढून घेतलेल्या पेशी पाहायच्या आणि गाठ साधी की कॅन्सरची ते सांगायचे, हे ऐकायला सोपे वाटते. पण अडचण गाठीच्या घडणीतच आहे. लायपोमा म्हणजे चरबीची साधी गाठ. तिची पेशी म्हणजे चरबीचा एक मोठा थेंब आणि त्याने कडेला ढकललेले चपटे केंद्रक. त्वचेखालच्या नेहमीच्या चरबीची पेशीही हुबेहूब अशीच असते. म्हणजे सुईत निव्वळ चरबी आली, तर ती गाठीतली की गाठीशेजारची, हेसुद्धा स्लाइडवरून कळत नाही. या तपासणीची कुळकथा याच पेचाभोवती फिरते: गाठ वाईट असल्याची साक्ष पेशी देऊ शकतात, पण ती निर्धोक असल्याचा दाखला त्यांना एकट्याने देता येत नाही.

सुईचे कूळ न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलातले. तिथले सर्जन हेझ मार्टिन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड एलिस यांनी १९३० साली सुईने पेशी ओढून निदान करण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांची सुई १८ गेजची, म्हणजे तशी जाडच. सुईने कॅन्सर पसरेल ही धास्ती तेव्हाही होती आणि अमेरिकेत ही रीत फारशी रुजली नाही. तिला खरे घर मिळाले स्टॉकहोममध्ये. १९५० आणि ६०च्या दशकांत कॅरोलिन्स्का रुग्णालयात सिक्स्टन फ्रान्झेन, योसेफ झायिचेक यांच्यासारख्यांनी बारीक सुई वापरली आणि रक्ततपासणीतले रंग या पेशींना लावले. पसरण्याची ती धास्ती आपल्याकडे आजही ऐकू येते. बारीक सुईच्या मार्गात कॅन्सर रुजणे अतिशय दुर्मीळ आहे, एवढे उत्तर तिला पुरे. सुईवरचा खरा आक्षेप वेगळा आहे: ती गाठीतल्या एखाद्या कोपऱ्यातलेच काय ते आणते.

चरबीचा कॅन्सर, म्हणजे लायपोसार्कोमा, तोवर अनोळखी नव्हता. विकृतिशास्त्रज्ञ फिरखोने १८५७ सालीच चरबीच्या घातक गाठीचे वर्णन केले होते. १९६२ साली एन्झिंगर आणि विन्स्लो यांनी १०३ लायपोसार्कोमांचा अभ्यास मांडला, तो फिरखोच्याच नावाच्या नियतकालिकात. त्या काळच्या निदानात मोठा मान होता लायपोब्लास्टला: अनेक थेंबांनी कुरतडल्यासारखे झालेले, गडद केंद्रक असलेली अपक्व चरबीपेशी. ती सापडली की कॅन्सर, असा सोयीचा समज पसरला आणि तो दोन्ही अंगांनी खोटा ठरला. लहान मुलांच्या लायपोब्लास्टोमा या साध्या गाठीत अशा पेशी असतातच. मार लागून मेलेल्या चरबीतही त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या पेशी आढळतात. उलट चांगल्या घडणीच्या लायपोसार्कोमात त्या मुळीच नसू शकतात. तिथे शोधायची असतात चरबीमधल्या तंतुमय पट्ट्यांतली मोठी, गडद, वेडीवाकडी केंद्रके. पण ती विरळ असतात आणि पट्ट्यांतल्या पेशी सुईला सहजी सुटत नाहीत. सुई आणते पट्ट्यांमधली निरागस चरबी.

वाट निघाली गुणसूत्रांतून. १९८०च्या दशकात स्वीडनमधल्याच लुंड येथील संशोधकांना चांगल्या घडणीच्या लायपोसार्कोमांच्या पेशींत कड्यासारखी जादा गुणसूत्रे दिसली. त्यांत बाराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा एक तुकडा पुनःपुन्हा भरलेला असतो आणि त्यात एमडीएम२ हे जनुक असते. पेशीला आवर घालणाऱ्या पी५३ या प्रथिनाला ते निष्प्रभ करते. जनुकाच्या प्रती वाढल्या की आवर सुटतो. नवल असे, की साध्या लायपोमातही पुष्कळदा याच भागात मोडतोड असते, पण ती एचएमजीए२ या जनुकाची. मिक्सॉइड या दुसऱ्या प्रकारच्या लायपोसार्कोमात याच भुजेचा तुकडा सोळाव्या गुणसूत्राशी अदलाबदल करतो. एकाच वस्तीतल्या तीन भानगडी, आणि गाठी तीन स्वभावांच्या. एमडीएम२च्या प्रती चमकत्या खुणेने मोजता येतात, सुईने आणलेल्या पेशींवरसुद्धा.

मग सरसकट जनुकच का मोजू नये? कारण मिक्सॉइड आणि प्लिओमॉर्फिक या प्रकारांच्या लायपोसार्कोमात प्रतींची ही वाढ सहसा नसते. चाचणी नकारार्थी आली म्हणून त्यांना वगळता येत नाही. शिवाय मोजायला विकृत पेशी आधी सुईत यायला हव्यात. म्हणून त्वचेखालच्या लहान, सरकत्या गाठीत नुसती चरबी आली तर ती सहसा पटण्याजोगी असते. मांडीच्या स्नायूत खोल वाढणाऱ्या मोठ्या गाठीत तेवढ्यावर थांबणे मला धाडसाचे वाटते. तिथे एमआरआय आणि जाड सुईची बायॉप्सी लागते. आणि जनुकाच्या जादा प्रती सापडल्या तरी नाव ठरायचे बाकी राहतेच. एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली दाखवले, की हातापायांतली अशी चांगल्या घडणीची गाठ पुरती काढली तर क्वचितच उलटते, तर पोटामागच्या पोकळीतली तशीच गाठ पुनःपुन्हा येते, कारण तिथे ती समूळ काढणेच कठीण. म्हणून त्याच पेशींना, त्याच जनुकाला हातापायांत ‘अटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर’ म्हणतात आणि पोटामागे लायपोसार्कोमा.