वलांडी आणि ताड : मनोरीच्या अनौपचारिक अर्थव्यवहाराची दोन कारणे

‘अनौपचारिक क्षेत्र’ ही संज्ञा कीथ हार्ट यांनी घानातील अक्रा शहराच्या अभ्यासातून १९७१ मध्ये मांडली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियाविषयक अहवालाने (१९७२) ती रूढ झाली. भारतात अर्जुन सेनगुप्ता आयोगाने २००४-०५ सालच्या सुमारे ४५.७ कोटी कामकऱ्यांपैकी ३९.५ कोटी, म्हणजे शेकडा ८६, असंघटित क्षेत्रात धरले. एवढ्या प्रचंड संख्येच्या मुळाशी एकच कारण असेल, हे संभवत नाही. साष्टीच्या किनाऱ्यावरील मनोरीकडे पाहिले असता निदान दोन कारणे वेगळी काढता येतात.

मार्व्याहून तरीने खाडी ओलांडली की पलीकडे बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. डोल जाळ्याने ते पकडणारी होडी सरकारदरबारी नोंदलेली असते. तिच्या डिझेलचा हिशेब सहकारी सोसायटीच्या वहीत सापडतो. मात्र मासळी किनाऱ्याला लागून कोळणीच्या हाती गेली की वही संपते. वाळविणे, निवडणे, बाजारात नेणे या श्रमांस ना मजुरी, ना तास. एरनांदो द सोतो यांनी १९८६ मध्ये पेरूविषयीच्या ग्रंथात याचा दोष कायद्याच्या जाचास दिला. लिमा येथे शिवणकामाचा लहान कारखाना रीतसर नोंदविण्यास २८९ दिवस लागले, हा त्यांचा प्रसिद्ध दाखला. परंतु उद्या परवान्याचा सगळा जाच मिटला तरी घरच्या बाईला मजुरी मिळणार नाही, आणि ओला बोंबील दुसऱ्या दिवसाची वाट पाहणार नाही. येथे कारण आहे नाशवंत माल व कुटुंबाचे श्रम हेच.

ताडीची गोष्ट अगदी निराळी. या किनाऱ्यावरील भंडाऱ्यांचा हा धंदा जुना व उघड होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने तो परवान्याखाली व करभाराखाली आणला. पुढे मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी झाली. झाड तेच, माणूस तोच. धंदा मात्र गुन्हा ठरला. परवान्याने नीरा विकता येई, पण ऊन चढताच नीरा आंबू लागते. म्हणजे कायदेशीर माल व गुन्हा यांत अंतर उरले काही तासांचे. द सोतो यांचे म्हणणे येथे लागू पडते, तेही अर्धेच : येथे परवाना महाग नव्हता, ताडीस तो मिळणेच बंद झाले होते.

मोजमापाची अडचण येथूनच उद्भवते. श्रमसांख्यिकी-तज्ज्ञांच्या १९९३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अनौपचारिक उत्पादन व बेकायदा उत्पादन हे प्रकार वेगळे ठेवले. ती व्याख्या मागे नेऊन लावल्यास १९४८ चा भंडारी अनौपचारिक क्षेत्रात मोजता येईल. १९५१ मध्ये त्याच झाडावर चढून ताडी काढणारा त्याच रकान्यात बसणार नाही.